मंडईची जागा विकावी का? आधी वापर ठरवा, भाव नंतर

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. नगरपरिषदेनं जुनी भाजी मंडई आणि शेजारची बंद पडलेली प्राथमिक शाळा मिळून दीड एकर जागा लिलावात विकायचं ठरवलंय. घेणारा तिथं व्यापारी संकुल बांधणार आणि आलेल्या पैशातून रस्त्यांची आणि पाणीपुरवठ्याची कामं होणार, असं सांगितलं जातंय. गाळेधारक आणि ओट्यांवर बसणाऱ्या बायका धास्तावल्या आहेत. गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, पडून राहिलेल्या जागेचे पैसे तरी होतील. दुसरा म्हणतो, गावची जागा विकूच नये. तुम्ही विचारताय, यातलं बरोबर काय?

मी नगररचना आणि मूल्यनिर्धारणाच्या कामात नोकरी काढली. निवृत्तीनंतरही अशा प्रस्तावांचे कागद बघायला लोक बोलावतात. त्या अनुभवावरून सांगतो, 'विकावी की नाही' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की त्या दीड एकरावर पुढची पन्नास-साठ वर्षं काय असायला हवं, आणि ते लेखी कुठं ठरलंय? बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. आधी लिलाव, मग करार, मग 'आता व्यवहार्य होत नाही' म्हणून सवलती, आणि सगळ्यात शेवटी मंडईचा विचार. गावाचं नुकसान जमीन दिल्यामुळं कमी आणि या उलट्या क्रमामुळं जास्त होतं.

हे नीट कळायला जमिनीचा भाव येतो कुठून ते बघावं लागेल. शहराच्या मध्यातल्या जमिनीला स्वतःची अशी ठरलेली किंमत नसते. तिच्यावर किती आणि काय बांधता येतं, त्यावर ती ठरते. तुमच्या जागेचंच उदाहरण घेऊ. आकडे मी हिशेब कळावा म्हणून धरतोय, तुमच्या गावचे दर वेगळे असतील. दीड एकर म्हणजे साधारण ६,००० चौरस मीटर. सगळा एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) धरून तिथं १२,००० चौ.मी. बांधता येतं असं समजा. दुकानं आणि कार्यालयं सरासरी ५०,००० रुपये चौ.मी. दरानं विकली, तर ६० कोटी येतील. बांधकामाला २५,००० च्या दरानं ३० कोटी, व्याज, शुल्कं, विक्रीखर्च मिळून ८ कोटी, आणि बांधणाऱ्याचा नफा विक्रीच्या १५ टक्के म्हणजे ९ कोटी. उरले १३ कोटी. शहाणा बोलीदार जमिनीसाठी जास्तीत जास्त एवढेच देईल.

आता अट घाला की यातले १,५०० चौ.मी. मंडईसाठी बांधून नगरपरिषदेला फुकट द्यायचे. विकायला १०,५०० चौ.मी. राहिले, विक्री ५२.५ कोटींची झाली, नफा त्याच प्रमाणात ७.९ कोटींच्या आसपास आला, बांधकाम आणि बाकीचा खर्च मात्र तोच राहिला. जमिनीचे उरतात सुमारे ६.६ कोटी. एका अटीनं जमिनीची किंमत निम्म्यावर आली. यात वाईट काहीच नाही, कारण गावाला उरलेली किंमत मंडईच्या रूपानं मिळाली. पण ही अट बोलीआधी निविदेत नसेल आणि लोकांनी आरडाओरडा केल्यावर नंतर घातली, तर घेणारा म्हणणार, माझे सहा कोटी परत द्या. त्याचं ते म्हणणं कायद्यानं टिकेलही.

उलट बाजूही तशीच. बोली १३ कोटींवर सुटली आणि वर्षभरानं, कुठलाही गाजावाजा न होता, आणखी ३,००० चौ.मी. बांधायला परवानगी मिळाली, तर वाढीव विक्री १५ कोटींची. बांधकाम, इतर खर्च आणि नफा वजा करून जमिनीचं मूल्य आणखी तीन कोटींच्या वर वाढलं, आणि ते सगळं घेणाऱ्याच्या खिशात गेलं. इथं लाच नाही, बनावट कागद नाही, सगळं नियमात बसवलेलं. म्हणून मूल्यांकन अहवाल हातात आला की मी पहिल्यांदा एकच गोष्ट बघतो: त्यात एफएसआय किती धरलाय? २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनंतर मूळ एफएसआयवर प्रिमियम भरून मिळणारा, टीडीआरचा (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) आणि जिने-बाल्कन्यांसारख्या भागांसाठीचा अ‍ॅन्सिलरी असे थर चढतात. नुसता मूळ एफएसआय धरून काढलेली अपसेट किंमत (लिलावाची किमान बोली) म्हणजे जमीन अर्ध्या मापानं मोजणं. रेडी रेकनरचंही तेच. तो मुद्रांक शुल्कासाठी केलेला दर आहे. चौकातल्या, बाजारपेठेला लागून असलेल्या, एकसंध दीड एकराची किंमत त्यात दिसत नाही. रेकनरचा दर ही पायरी धरा, पण बोली तिथूनच थोडी वर गेली म्हणून समाधान मानू नका.

मोठ्या शहरातलं उदाहरण द्यायचं तर मुंबईतल्या गिरण्यांचं देतो, कारण तिथली काही जमीन खरोखरच सरकारी मालकीची होती. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानं २००५ मध्ये ज्युपिटर, एल्फिन्स्टन, मुंबई टेक्स्टाइल, कोहिनूर क्रमांक ३ आणि अपोलो या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या आणि सुमारे २,००० कोटी रुपये उभे केले. हेतू समजण्यासारखा होता, बाकीच्या गिरण्या सावरायच्या आणि कामगारांची देणी भागवायची. पण त्या जमिनीवर शहराचा वाटा किती, हेच तेव्हा वादात होतं. १९९१ च्या नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानानं तीन वाटे केले होते: मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीनं हे वाटे संपूर्ण जमिनीऐवजी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीचे करायचे ठरले. उच्च न्यायालयात एक निकाल लागला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवून दुरुस्ती कायम ठेवली. म्हणजे विक्री आधी झाली आणि शहराचा वाटा नंतर पक्का झाला. तोवर लोअर परळमधल्या मैदानांचा आणि परवडणाऱ्या घरांचा प्रश्न हातातून निसटला होता.

त्यातल्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन डीएलएफनं ७०२ कोटींना घेतली आणि २०१२ मध्ये लोढा समूहाला सुमारे २,७०० कोटींना दिली. मधल्या सात वर्षांतलं व्याज आणि जोखीम घेणाऱ्याची होती, हे मान्य. तरीही सरकारी मालकीच्या जमिनीच्या वाढलेल्या किमतीत सरकारचा एक पैशाचाही वाटा राहिला नव्हता. कायम खरेदीखत करून दिलं की असंच होतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या दीड एकराचं खरेदीखत होऊ नये. जागा पुनर्विकासाला जरूर द्यावी, पण भाडेपट्ट्यानं, आणि मंडईची जमीन नगरपरिषदेच्या नावावरच ठेवून. 'काहीच करू नका' म्हणणाऱ्या तटाशीही मी सहमत नाही. कुलूप लागलेली शाळा, गळकं छप्पर, पावसाळ्यात चिखलात बसणाऱ्या माळव्याच्या बायका आणि रात्री तिथं चालणारे धंदे, याची किंमतही गावच मोजतंय. फक्त ती कुठल्या अंदाजपत्रकात दिसत नाही.

भाडेपट्टा हा काही कमीपणाचा मार्ग नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीए भूखंड ८० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देते, विकत नाही. तरीही २०१९ मध्ये एका जपानी समूहाच्या कंपनीनं तिथल्या साधारण तीन एकरांसाठी २,२३८ कोटी रुपये मोजले. नवी मुंबईत सिडकोनं ६० वर्षांच्या पट्ट्यावर अख्खं शहर वसवलं. तिथली एक पद्धत तुमच्या नगरपरिषदेनं जशीच्या तशी उचलावी: सुरुवातीला फक्त भाडेपट्ट्याचा करारनामा आणि बांधकामासाठी जागेवर जायची परवानगी, आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावरच पक्का भाडेपट्टा नोंदवायचा. काम अर्धवट टाकून पळणाऱ्याच्या हातात मग विकण्यासारखं काही राहत नाही. बँकेला तारण ठेवायचं तर भाडेपट्ट्याचा हक्क ठेवावा, जमीन नाही.

पण पट्टा केला म्हणून निश्चिंत होता येत नाही. महालक्ष्मी रेसकोर्सचा जुना पट्टा २०१३ मध्ये संपला आणि पुढं काय करायचं ते ठरायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला. जुन्या नगरपरिषदांच्या दप्तरात वर्षाला नाममात्र भाड्याचे, मुदत उलटून गेलेले पट्टे आजही सापडतात आणि त्या जागांवर तीन मजली इमारती उभ्या असतात. म्हणून भुईभाडं ठरावीक वर्षांनी कसं वाढेल, मुदत संपल्यावर इमारतीचं काय होईल, पट्टा दुसऱ्याला देताना वाढीव किमतीतला किती वाटा नगरपरिषदेला मिळेल, हे आजच लिहून घ्या. शेवटचं कलम लोक बहुधा विसरतात. गिरणीचं उदाहरण मी त्यासाठीच दिलं.

तुमच्या बाबतीत काय लागू होईल हे काही कागदांवर अवलंबून आहे, आणि ते मी बघितलेले नाहीत.

पहिला कागद मिळकत पत्रिका. नगरपरिषद वापरते म्हणून जमीन नगरपरिषदेची असतेच असं नाही. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर 'महाराष्ट्र शासन' निघालं किंवा भोगवटादार वर्ग २ (शासनानं अटींवर दिलेली जमीन) निघालं, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि मिळणाऱ्या रकमेत शासनाचा हिस्सा येतो. शाळेच्या जागेचा इतिहास तर खास तपासा. आपल्याकडे जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत अशा कितीतरी जागा कुणा दात्यानं शाळेसाठीच बक्षीसपत्रानं दिलेल्या असतात, अटीसकट. वारस जिवंत असतात आणि त्यांच्याकडं मूळ कागद असतो. लिलाव झाल्यावर तो कागद न्यायालयात पोचला की संकुलाचा सांगाडा वर्षानुवर्षं तसाच उभा राहतो.

दुसरा कागद विकास आराखड्याचा भाग नकाशा. जागेवर 'भाजी मंडई', 'शाळा' किंवा 'मैदान' असं आरक्षण असेल, तर ते बदलायला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया करावी लागते. त्यात लोकांच्या हरकती-सूचनांसाठी एक महिना असतो. तो महिना वाया घालवू नका. आरक्षित मोकळ्या जागेशी खेळणं न्यायालयांनी खपवून घेतलेलं नाही. बंगळुरूत उद्यानासाठी ठेवलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, ती सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये रद्द ठरवली. लखनौच्या अमीनाबाद या भर बाजारपेठेत झंडेवाला पार्कखाली तळघरात दुकानांचं संकुल बांधायला तिथल्या महापालिकेनं एका बिल्डरला निविदा न काढताच दिलं होतं. बांधकाम बरंच पुढं गेलेलं असतानाही १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पाडून बाग पूर्ववत करायला सांगितलं. तुमचे नगरसेवक 'एकदा उभं राहिलं की कोण पाडतंय' म्हणत असतील, तर हा निकाल त्यांना वाचायला द्या.

तिसरा कागद सर्वसाधारण सभेचा ठराव. नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ९२ नुसार स्थावर मिळकतीचं हस्तांतरण राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि त्या प्रस्तावाला एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो. सभेला हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण सदस्यांच्या. नगरपरिषद आपल्या अधिकारात फक्त तीन वर्षांपर्यंतचा पट्टा देऊ शकते, तोही कायम बांधकामाशिवाय. म्हणजे साठ वर्षांचा पट्टाही शासनाकडे जाणारच. 'पट्टा केला तर पटकन होईल, विक्री लांबेल' असं कुणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. तुमचं शहर महानगरपालिका असतं तर वेगळा कायदा लागला असता, पण चालू बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात मिळकत देता येत नाही हे तत्त्व तिथंही आहे.

लिलावाच्या पद्धतीबद्दल थोडं. जाहीर लिलाव किंवा निविदा हा सार्वजनिक जमिनीचा सर्वसाधारण नियम आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयाच्या जमिनीच्या प्रकरणात सांगितलं. तो अपवादाशिवायचा नियम नाही, पण सोडायचा तर कारण दाखवावं लागतं, हेही त्याच निकालात आहे. कागदोपत्री लिलाव नगरपरिषदा करतातच. अडचण असते ती खऱ्या स्पर्धेची. तुमच्यासारख्या शहरात दीड एकर एकगठ्ठा काढला, त्याला मोठी उलाढाल आणि मोठी बयाणा रक्कम मागितली, की पात्र बोलीदार दोन-तीनच उरतात आणि बहुधा ते एकमेकांना ओळखतात. पूर्वी एका शहरात मी तपासलेल्या निविदेत तिन्ही बोलीदारांच्या बँक हमी एकाच शाखेच्या, लागोपाठ क्रमांकांच्या होत्या. दर अपसेट किमतीच्या अगदी थोडे वर होते. कुणावर काही सिद्ध झालं नाही, पण फेरनिविदेत जागा तीन तुकड्यांत काढली तेव्हा गावातलेच बांधकाम करणारे उतरले आणि दर चांगलाच चढला.

म्हणून माझी सूचना अशी की मंडईचा तुकडा बाजूला काढा आणि तो नगरपरिषदेनंच बांधावा. शाळेच्या बाजूची जागा दोन भूखंडांत पट्ट्यावर द्यावी. रस्त्याकडचा भूखंड आधी आणि मागचा दोन-तीन वर्षांनी, समोर मंडई उभी राहिल्यावर. मागच्या भूखंडाला तेव्हा जो दर येईल तो आज येणार नाही. यावर 'सगळं एकदम केलं तर एकसंध दिसेल' असा आक्षेप येतो. दिसण्याचं काम इमारतीच्या रेषेचे, उंचीचे आणि पदपथाचे नियम घालून होतं. त्यासाठी मालक एकच असायला लागत नाही.

आता माणसांबद्दल. मंडईत किमान तीन प्रकारचे लोक असतात आणि त्यांना एकाच यादीत कोंबलं की भांडणं सुरू होतात. गाळेधारकाकडं करार किंवा परवाना असतो, बहुधा मुदत संपलेला. ओटेवाल्यांकडं पावती असते. आणि मंडईबाहेर जमिनीवर बसणाऱ्यांकडं रोजची फाडलेली पावती, तीही असली तर. या तिसऱ्या गटाला पथविक्रेता अधिनियम, २०१४ चं संरक्षण आहे, सर्वेक्षण झाल्याशिवाय त्यांना हलवता येत नाही. तिन्ही याद्या निविदेआधी, फोटोसकट, जाहीर झाल्या पाहिजेत. नंतर केलेल्या यादीत नावं वाढतात आणि खरी माणसं गळतात. तात्पुरती मंडई कुठं बसणार तेही निविदेतच हवं, आणि ती जागा चालत जाण्याजोगी हवी. गिऱ्हाईक एकदा दुसरीकडं वळलं की नव्या इमारतीत ओटा मिळूनही उपयोग होत नाही. एक गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी आग्रहानं सांगतो: भाजीबाजार तळमजल्यावरच हवा. पहिल्या मजल्यावर किंवा तळघरात टाकलेल्या मंडया मी बघितल्यात. बायका पुन्हा रस्त्यावर येऊन बसतात आणि वर गोदामं होतात.

आणि पैसा. जमीन ही नगरपरिषदेची भांडवली मिळकत आहे, तिचा पैसा भांडवली कामालाच लागला पाहिजे. 'रस्ते' हा शब्द मला यात खटकतो. डांबरीकरण चार पावसाळ्यांत जातं, जमीन साठ वर्षं जाते. पाण्याची टाकी, मुख्य जलवाहिनी, नवी मंडई, अशी कामं नाव घेऊन ठरावात लिहा आणि रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा. नाहीतर थकीत वीजबिल आणि कंत्राटदारांची देणी यात ती कधी विरघळली ते कळतही नाही.

तुम्ही आत्ता काय करावं, तर माहितीच्या अधिकारात पाच गोष्टी मागा: मिळकत पत्रिका आणि जागा नगरपरिषदेकडं कशी आली त्याचा मूळ आदेश किंवा बक्षीसपत्र, भाग नकाशा, ठराव आणि मतदानाची नोंद, मूल्यांकन अहवाल त्यात धरलेल्या एफएसआयसकट, आणि निविदेचा मसुदा. मसुदा 'गोपनीय' म्हणून नाकारतील, तरी मागा, नकाराचं पत्रही पुढं उपयोगी पडतं. गाळेधारकांनी स्वतंत्र अर्ज न करता तिन्ही गटांनी मिळून एकच अर्ज, प्रत्येक गटाची वेगळी यादी जोडून, मुख्याधिकाऱ्यांना द्यावा आणि पोच घ्यावी. मिळकत पत्रिका आणि भाग नकाशा हाती आले की इथं टाका. जागेवर आरक्षण निघालं किंवा शाळेची जमीन दानाची निघाली, तर वरच्यातलं बरंच काही बदलेल आणि मला वेगळं उत्तर लिहावं लागेल.